जुनी पिकअप घेताना आधी हौदा बघा, इंजिन मागाहून

प्रश्न असा आहे. कळव्याचा एक तरुण, घरचा भाजीचा धंदा, ठाण्यात जांभळी नाक्याला गाळा. रोज पहाटे वाशीच्या एपीएमसीतून माल उचलायचा आणि उजाडायच्या आत गाळ्यावर पोचवायचा. आतापर्यंत भाड्याच्या टेम्पोवर भागले, आता स्वतःची जुनी पिकअप घ्यायची आहे. हातात साडेपाच लाख, फार ताणले तर सहा. तीन गाड्या बघून झाल्या आहेत. एक कळंबोलीच्या दलालाकडची २०१९ ची बोलेरो पिकअप, १.७ टनवाली, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. दुसरी भिवंडीच्या गोदामांतून पार्सलचा माल वाहणाऱ्या माणसाची २०१८ ची टाटा योद्धा, मीटरवर १ लाख ७४ हजार. तिसरी वाशीतल्या एका गृहस्थांची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी नोंदणीची, इसुझू व्ही-क्रॉस. ती बजेटच्या बरीच वर आहे, पण घरच्यांनाही घेऊन जाता येईल म्हणून मन तिकडे ओढते. यातली सगळ्यात भरवशाची कोणती, असे विचारले आहे.

तुर्भ्याला माझे गॅरेज आहे, २७ वर्षे झाली. दारात येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त पिकअपच असतात, कारण मार्केट हाकेच्या अंतरावर. त्या अनुभवावरून सांगतो: तुम्ही कंपनी आणि किलोमीटर यांची तुलना करताय, पण मी तिसरीच गोष्ट विचारतो. या गाडीने आजवर कोणता माल वाहिला? पिकअपचे आयुष्य त्यावर ठरते. तीच कंपनी, तेच साल, एकाच दिवशी शोरूममधून निघालेल्या दोन गाड्या. एक कपड्यांचे गठ्ठे वाहते, दुसरी मासळी. सहा वर्षांनी पहिली अजून दहा वर्षे चालेल आणि दुसरीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हाताने सोलता येईल.

हे मी फार महागात शिकलो. माझ्या मेहुण्याला मीच एक पिकअप घेऊन दिली होती. इंजिन इतके गोड की सुरू केल्यावर बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. क्लच नवा, टायर नवे, खालून सगळीकडे काळा रंग मारलेला. मी इंजिन ऐकले आणि भुललो. आठ महिन्यांनी उरणच्या रस्त्यावर भरल्या गाडीत मागच्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे तिला धरून ठेवणारा कंस, चासीतून उपटून निघाला. रस्त्यावर माणूस नव्हता म्हणून निभावले. गाडी ओढून आणली, रॅम्पवर चढवली आणि तो काळा रंग खरवडला. आत लोखंड राहिलेच नव्हते. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर भाजलेल्या पापडासारखा तुकडा पडला. नंतर कळले, गाडी पाच वर्षे मासळीवर होती. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, फटीतून रोज चासीवर ठिबकायचे. विकणाऱ्याने आम्हाला सांगितले होते, "फर्निचरवर होती". तेव्हापासून मी बॉनेट शेवटी उघडतो.

म्हणून कळंबोलीला परत गेलात की आधी हौद्यात चढा. प्लायवूड किंवा रबराची चटई अंथरलेली असेल तर उचलायला सांगा. उचलू देत नसतील तर तिथेच नमस्कार करा. मासळीची गाडी धुतली तरी लपत नाही. मागच्या फाळक्याच्या बिजागरीत, कोपऱ्यातल्या वेल्डिंगच्या खाचेत नखाने उकरून बघा, वाळलेले खवले निघतात. एक जुनी युक्ती आहे: बादलीभर कढत पाणी हौद्याच्या कोपऱ्यात ओतायचे आणि दोन मिनिटांनी नाक जवळ न्यायचे. साबणाने दहा वेळा धुतलेला वास त्या वाफेत वर येतो. कोंबड्यांची गाडी असेल तर जाळीच्या कोपऱ्यात पांढरट थर दिसतो आणि त्याखालचा पत्रा मऊ झालेला असतो. ती विष्ठा लोखंडाला फार वाईट. तळोज्याच्या केमिकलवर चाललेल्या गाडीत रंग जागोजागी फुगून पापुद्रे सुटलेले असतात. आणि कळंबोलीची गाडी म्हटल्यावर माझ्या मनात पहिले येते ते लोखंड, तिथे लोखंडाचा बाजारच आहे. सळयांवर चाललेल्या गाडीच्या तळाला लांब, सरळ, एकाच दिशेच्या खाचा असतात आणि केबिनमागची जाळी पुढे दबलेली असते, कारण ब्रेक मारला की सळया पुढे सरकतात. अशी गाडी कागदावर १.७ टनांची असली तरी तिने आयुष्यभर अडीच-तीन टन उचललेले असतात.

त्यानंतर खाली झोपा. पुठ्ठा न्या, टॉर्च न्या, एक छोटी हातोडी न्या. मागच्या कमानीचे पाटे मोजा आणि दोन्ही बाजूंची संख्या जुळते का बघा. कंपनीच्या पाट्यांवर एकसारखी गंजाची छटा असते. मध्येच एखादा पाटा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जाडीचा दिसला तर तो जादा घातलेला. जादा पाटा म्हणजे मालकाने स्वतःच दिलेली कबुली की गाडी ओव्हरलोड चालली. मग चासीवर हातोडीने हलकेच ठोकत पुढून मागे जा. निरोगी चासी टणटण वाजते, कुजलेली भदभद वाजते. केबिनच्या मागचा भाग आणि कमानीचे हँगर जिथे चासीला बसतात त्या चार जागा, तिथे जास्त वेळ द्या. चिरा तिथेच जातात. पट्टी वेल्ड करून वर रंग मारला असेल तर बोट फिरवल्यावर उंचवटा लागतो. सगळी गाडी धुळीने माखलेली आणि फक्त चासी काळी कुळकुळीत असेल तर विचारा, रंग कधी मारला आणि का. समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते.

आपल्याकडे खाडीची हवा आहे, हेही धरून चाला. एमएच-४३, एमएच-०४ किंवा एमएच-४६ च्या, म्हणजे नवी मुंबई, ठाणे, पनवेलच्या गाडीला थोडा वरवरचा गंज असणारच, त्याने घाबरू नका. तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली चमकदार लोखंड दिसले तर ठीक. घासता घासता खड्डा पडत गेला तर सोडा. एमएच-१५ (नाशिक) किंवा एमएच-१२ (पुणे) च्या गाड्या गंजात उजव्या असतात, पण नाशिकची गाडी द्राक्ष-कांदा घेऊन रोज कसारा घाट चढली-उतरली असेल तर क्लच आणि ब्रेक त्याची किंमत मागतात.

पुराच्या गाडीबद्दलही दोन शब्द. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि इकडे बदलापूर-वांगणी, २०२१ ला महाड आणि चिपळूण बुडाले, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर ती कोणी धूत नाही, कारण तिथपर्यंत कोणी ओढतच नाही. फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशीसारखे दिसले तर वायरिंग पुढे पाच वर्षे रडवणार हे नक्की.

आता इंजिन. सकाळी सातच्या आत जा आणि "गाडी थंड हवी" असे आदल्या दिवशी बजावून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागले तर समजा, तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली होती. थंड गाडी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला उठली पाहिजे. उठताना थोडा धूर चालतो, पण निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑईल जाळते आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बोट जाते. ऑईलचे झाकण उलटे करून बघा, आत ताकासारखे पांढरट काही चिकटले असेल तर पाणी ऑईलमध्ये जातेय. मग गाडी चालू ठेवून तेच झाकण नुसते भोकावर ठेवा. हलके थरथरले तर चालते. उडून पडत असेल आणि भकाभका वाफ येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे; रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावे लागेल. त्या खर्चात तुमचा पहिल्या कित्येक महिन्यांचा नफा जाईल.

मीटरवर विश्वास ठेवू नका. हिशेब करा. धंद्याची पिकअप दिवसाला ८०-९० किलोमीटर सहज चालते. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी २५ हजारांच्या आसपास जाते. २०१९ ची धंद्याची गाडी ६२ हजारांवर असेल तर ती बराच काळ उभी होती, किंवा मीटर मागे केला आहे. पेडलचे रबर बघा, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का बघा, ड्रायव्हरच्या सीटची डावी-उजवी कड किती बसली आहे बघा. ६२ हजारांत क्लच पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही. गाडीची सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपला झाली असेल तर नोंदीत तारखेनिशी किलोमीटर असतात. मालकाला घेऊन जा आणि ती नोंद काढून घ्या. एका गिऱ्हाइकाने अशीच नोंद काढली होती. मीटर ७१ हजार दाखवत होता आणि दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला गाडी १ लाख ३८ हजार चाललेली होती.

फेरी मारायची ती रिकामी मारू नका, हे कळकळीने सांगतो. रिकामी पिकअप सगळ्यांचीच चांगली चालते. कांद्याच्या ५० किलोच्या १६ गोण्या टाका, म्हणजे आठशे किलो, आणि महापेहून शिळफाट्याकडे जाणारा चढ चढवा. मालक कुरकुर करेल. म्हणा, "माल माझा, हमाली माझी, डिझेल माझे." चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने वेग धरला नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. वर पोचल्यावर तापमानाचा काटा बघा. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाका, करकरला तर गिअरबॉक्सचे काम निघेल. सपाटीला ४०-५० च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडा आणि कान मागे द्या. हुंऽऽ असा घुमारा येत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाके, घासलेत. थांबून पहिल्या गिअरला उचलताना मागून टक् आवाज आला तर क्रॉस, म्हणजे मागे फिरणाऱ्या शाफ्टचा सांधा, बदलावा लागेल. तो खर्च किरकोळ आहे, फक्त भाव कमी करायला वापरा. स्टिअरिंगमध्ये चार बोटांपेक्षा जास्त ढिलाई नको.

टायरला बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. विकायच्या गाडीला पुष्कळदा रिसोल टायर, म्हणजे जुन्यावर नवा रबर चढवलेले, घातलेले असतात, दिसतात नवेकोरे. तारीख बघितली की कळते.

मॉडेलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही कामाच्या गाड्या चांगल्या आहेत. बोलेरोचे २५२३ सीसीचे इंजिन आपल्या भागातला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो, पार्ट प्रत्येक नाक्यावर मिळतात आणि विकताना गिऱ्हाईक दारात येते. योद्धाच्या बीएस फोर (आधीच्या प्रदूषण निकषाच्या) गाडीत २९५६ सीसीचे इंजिन आहे, जुन्या टाटा २०७ च्या घराण्यातले. संथ आहे, आवाज करते, पण ओझ्याला दमत नाही. पुनर्विक्रीला ती बोलेरोपेक्षा मागे पडते, म्हणूनच घेताना तुम्हाला स्वस्त मिळते. व्ही-क्रॉसचे इंजिन उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिची माल उचलायची क्षमता या दोघींपेक्षा कितीतरी कमी, हौदा लहान आणि पार्ट महाग. शिवाय पांढऱ्या पाटीवर रोजचा धंद्याचा माल वाहिला तर पकडल्यावर दंड आणि अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडकणार. घरच्यांना घेऊन फिरायला ती छान आहे, भाजीला नको.

या पैशात कोणी बीएस सिक्स गाडी दाखवली, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर एवढेच बघा की तिच्या डॅशबोर्डवर इंजिनचा किंवा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा पेटलेला नाही. चावी फिरवल्यावर तो दिवा एकदा पेटून विझला पाहिजे. पेटतच नसेल तर कोणीतरी बल्बच काढला आहे.

तुमच्या जागी मी असतो तर भिवंडीची योद्धा आधी बघितली असती. १ लाख ७४ हजार हा आकडा ऐकून तुम्ही तिला तिसऱ्या नंबरला टाकले असणार. मी म्हणतो, तो आकडा खरा दिसतो, आणि खरा आकडा सांगणारा मालक मला आवडतो. पार्सलचा माल आकाराने मोठा आणि वजनाने हलका. हौदा भरतो पण कमान दबत नाही. अशा गाडीचे इंजिन चाललेले असते, चासी मात्र तरुण राहते. इंजिनचे काम करता येते, चासीचे करता येत नाही. मंडप-डेकोरेशनवाल्याची गाडीही अशीच चांगली निघते. बॅटरी आणि टायर उभ्या-उभ्या गेलेले असतात, बाकी गाडी ताजी. बोलेरो मनात भरलीच असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या करा; सळयांच्या खाचा नसतील, पाटे कंपनीचे असतील आणि सर्व्हिसची नोंद मीटरशी जुळली तर ती घ्यायला माझी हरकत नाही.

भाजीच्या धंद्यात एक मोह असतो, तोही आत्ताच सांगून ठेवतो. पालेभाजी हलकी असते, पण कांदा-बटाटा आला की हमाल विचारत नाही, चढवत जातो. बोलेरोचे १.७ टन म्हणजे ५० किलोच्या ३४ गोण्या. पुढची प्रत्येक गोणी तुमच्या चासीतून वजा होते. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. एका दंडात महिन्याभराची कमाई साफ.

कागदाचे काम गाडी पसंत पडल्यावर, पण बयाणा द्यायच्या आधी. गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाका आणि आरसी, फिटनेस, विमा, टॅक्स, थकलेली ई-चलने सगळे एकदम बघा. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. "कर्ज फिटले आहे, कागद येतोय" या वाक्यावर कित्येकांचे पैसे वर्षवर्ष अडकलेले मी बघितलेत. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. २०१८ ची योद्धा त्या उंबरठ्यावर आहे, तो खर्च आणि दरवर्षीचा एक बुडालेला दिवस भावात धरा. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, आरसीवर ३००० किलोच्या वर लिहिले असेल तर परमिट लागते; तेही तुमच्या नावावर व्हायला हवे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली आहे का, तेही बघा.

चासीवर कोरलेला नंबर स्वतः वाचा. वर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तशी छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. एखादे अक्षर वाकडे, खोल किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, निघून या.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या समोर घ्या. दलालाने "आधीच सह्या करून ठेवल्यात" म्हटले तर मालकाला फोन लावून भेटायला सांगा. मूळ मालक भेटला की पहिला प्रश्न विचारा, कोणता माल वाहायचात? दलाल पढवलेले बोलतो, मालक बहुधा सहज खरे बोलून जातो. ताबा घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमाही नावावर करायला द्या.

आणि साडेपाच लाखांतले ५० हजार बाजूलाच ठेवा, गाडी पाच लाखांतच शोधा. ताब्यात आल्याबरोबर सगळी ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेक लायनर, बेल्ट आणि चारही चाकांचे ग्रीस, हे मागच्या मालकाने कालच केले असे सांगितले तरी पुन्हा करा. विटाव्याच्या पुलाखाली पावसात पाणी साचते, पहाटे तीनला तिथे बंद पडलात तर माल गाळ्यावर पोचेपर्यंत अर्धा बाजार उठलेला असेल. योद्धा बघायला जायचे ठरले की एखाद्या सकाळी तिला इकडे तुर्भ्याला घेऊन या, रॅम्पवर चढवून दोघे मिळून खालून बघू.